महापालिकेच्या अकाउंटने ब्लॉक केलं, तिथपासून लेखी उत्तरापर्यंत

सरकारी कार्यालयाने सोशल मीडियावर आपल्याला ब्लॉक केलं तर दाद मागायची कुणाकडे, हे गेल्या वर्षी मी खूप शोधलं. पोलिसांत जायचं, कोर्टात जायचं की गप्प बसायचं, काहीच कळत नव्हतं. आता प्रकरण मार्गी लागलंय, सगळे कागद एका फायलीत आहेत, म्हणून क्रमाने लिहून ठेवते. महापालिकेचं नाव देत नाही. ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांना नावापेक्षा पायऱ्या जास्त उपयोगी पडतील.

2025 चा पाऊस लवकर आला होता. 26 मे रोजी मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. त्याच सुमारास आमच्या महापालिकेने एक्सवर नालेसफाई पूर्ण झाल्याची पोस्ट टाकली, प्रभागवार फोटोंसकट. यादीत आमच्या गल्लीमागच्या नाल्याचंही नाव होतं. सकाळी दूध आणायला मी त्याच नाल्याच्या कडेने जाते. थर्माकोल, पिशव्या आणि गेल्या वर्षीचा गाळ जिथल्या तिथे होता. मी फोटो काढला आणि त्या पोस्टखाली लिहिलं, "आमच्या गल्लीतल्या नाल्याचा आज सकाळी सात वाजताचा फोटो. गाळ तसाच आहे. कृपया पाहणी करावी." बस, एवढंच. टोमणा नाही, कुठल्या पक्षाचं नाव नाही.

त्यानंतर बंद पडलेल्या पथदिव्याची तक्रार करायला गेले तर स्क्रीनवर सूचना आली की या अकाउंटने तुम्हाला ब्लॉक केलं आहे. अकाउंटवर सरकारी संस्थांना मिळते ती राखाडी टिक होती, नावाखाली महापालिकेचं बोधचिन्ह होतं. कुणा अधिकाऱ्याचं खासगी खातं नव्हतं ते.

मला हे इतकं का लागलं, ते सांगते. 2022 पासून राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते. निवडणुका रखडलेल्या, त्यामुळे ज्याच्या दारात जाऊन उभं राहावं असा नगरसेवकच नव्हता. क्षेत्रीय कार्यालयात फोन केला तर उचलला जाईलच असं नाही. एक्सवर मात्र फोटो टाकून टॅग केलं की तक्रार क्रमांक मिळायचा आणि पुष्कळदा काम व्हायचं. आमच्या भागातल्या माणसांसाठी महापालिकेशी बोलायची ती एकच खिडकी उघडी होती, आणि ती माझ्यापुरती बंद झाली.

पहिलं काम पुराव्याचं. ब्लॉकच्या सूचनेचे स्क्रीनशॉट घेतले, त्यात मोबाइलवरची तारीख आणि वेळ दिसेल असे. माझी प्रतिक्रिया, मूळ पोस्ट आणि दोन्हींच्या लिंक एका ईमेलमध्ये टाकून तो मी स्वतःलाच पाठवला, म्हणजे तारखेची नोंद राहते. नाल्याचा मूळ फोटो फोनमधून काढून टाकला नाही. ओळखीच्या एका वकील ताईंनी सांगितलं की प्रकरण कोर्टात गेलंच तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वी हेच कलम 65 ब म्हणून ओळखलं जायचं. त्यासाठी ज्या फोनवर स्क्रीनशॉट घेतला तो फोन विकू नका.

मग चौकशी सुरू केली. क्षेत्रीय कार्यालयात उत्तर मिळालं, "ते आमच्याकडे नाही, मुख्य इमारतीत विचारा." मुख्य इमारतीत जनसंपर्क विभागात गेले तर तिथला कर्मचारी बिचारा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, पोस्टचा मजकूर आम्ही देतो, पण अकाउंट एजन्सीची मुलं बघतात." एजन्सी कुठली, तिला हा अधिकार कुणी दिला, यावर तो संगणक विभागाकडे बोट दाखवत होता. ईमेलला उत्तर आलं नाही. त्या दिवशी घरी परतताना खूप हताश वाटलं होतं.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "त्यांना 'का' विचारू नकोस. कागद माग. कागद नसेल तर नाही म्हणून लेखी घे." या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं प्रकरण उभं राहिलं. माहिती अधिकारात माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेलं साहित्य: आदेश, परिपत्रकं, टिपण्या, करार, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या नोंदी. "मला का ब्लॉक केलं" हा प्रश्न त्यात बसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्येच सांगितलंय की एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचं उत्तर माहितीच्या व्याख्येत येत नाही. माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यात सगळे 'का'च होते. काकांनी एकेक खोडून त्याजागी "आदेशाची प्रत", "टिपणीची प्रत" असं लिहून दिलं.

16 जूनला अर्ज दिला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे जोडपत्र 'अ', त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण 150 शब्दांच्या आत. हे 150 शब्दांचं बंधन गंभीरपणे घ्या, नाहीतर तेवढ्याच कारणावरून अर्ज परत येऊ शकतो. राज्य सरकारच्या पोर्टलवरून ऑनलाइनही करता येतो, पण मी आवक-जावक विभागात जाऊन पोहोच घेतली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक स्पष्ट उमटला आहे का हे तिथेच पाहून घ्यावं. पुढची प्रत्येक मुदत त्या शिक्क्यावरून मोजली जाते.

तीस दिवसांची मुदत असते. त्या काळात मी कायदा वाचत बसले. तेव्हा कळलं की केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान विभागाने 2012 सालीच सरकारी संस्थांसाठी सोशल मीडियाचा आराखडा आणि मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. अकाउंट कुणी उघडायचं, पासवर्डची जबाबदारी कुणाची, उत्तर किती वेळात द्यायचं, मजकुरावर नजर कुणी ठेवायची, हे सगळं त्यात आहे. मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो नोंदी जपण्याचा भाग. ऑनलाइन दिलेली माहिती आणि मार्गदर्शन यांच्या नोंदी नीट ठेवल्या पाहिजेत, असं त्यात म्हटलंय. ही तत्त्वं महापालिकेवर कायद्यासारखी बंधनकारक नाहीत. पण सुनावणीत साहेबांच्या टेबलावर ठेवायला सरकारचाच कागद असला की आपलं म्हणणं हवेतलं राहत नाही. ती पानं मी छापून घेतली.

घटनेकडूनही थोडं शिकले. कलम 12 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणं म्हणजे 'राज्य' आहेत, त्यामुळे महापालिकेलाही कलम 19(1)(अ) मधलं भाषणस्वातंत्र्य पाळावं लागतं, आणि त्यावर बंधन घालायचं तर 19(2) मधल्या कारणांसाठी, कायद्याने. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, ते प्रकरण आपल्याकडे बहुतेकांना आठवत असेल. ज्या कलमावरून तो सगळा वाद पेटला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. तो निकाल फौजदारी गुन्ह्याबद्दलचा आहे, ब्लॉक करण्याबद्दलचा नाही. पण कुणाला त्रास वाटला, गैरसोय झाली, एवढ्या मोघम कारणावर बोलणं थांबवता येत नाही, हा त्यातला विचार मला धीर देणारा होता.

वकील ताईंनी अमेरिकेतले निकालही दाखवले. अध्यक्ष ट्रम्प यांनी टीकाकारांना ट्विटरवर ब्लॉक केलं, ते घटनाबाह्य असल्याचं तिथल्या अपील न्यायालयाने 2019 मध्ये म्हटलं होतं. त्यांची मुदत संपल्यावर 2021 मध्ये तो निकाल निरर्थक ठरला म्हणून रद्दबातल झाला. पुढे मार्च 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मिशिगन राज्यातल्या पोर्ट ह्युरॉन शहराच्या सिटी मॅनेजरच्या प्रकरणात कसोटी घालून दिली. सरकारच्या वतीने बोलण्याचा प्रत्यक्ष अधिकार त्या माणसाला होता का, आणि ती पोस्ट टाकताना तो अधिकार वापरत असल्याचं त्याने दाखवलं का, हे दोन्ही पाहायचं. आपल्याकडे हे बंधनकारक नाही. माझ्यापुरता अर्थ एवढाच की तिकडचा गुंता खासगी आणि सरकारी खातं एकमेकांत मिसळल्याचा होता, आमच्या महापालिकेच्या खात्यात तो नव्हताच. अर्जात मी यातलं काहीही लिहिलं नाही. तुम्हीही लिहू नका. अर्ज कोरडा असावा.

उत्तर आलं जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. कराराबद्दलच्या मुद्द्यावर "सदर माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित असल्याने देता येत नाही", आणि बाकी मुद्द्यांवर "सदरचे अकाउंट खासगी कंपनीच्या संकेतस्थळावर असल्याने माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही". अपील कुणाकडे करायचं, किती दिवसांत, याचा उल्लेखच नव्हता. कलम 7(8) प्रमाणे माहिती नाकारताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील द्यावाच लागतो. मला राग आला होता. काका मात्र खूश झाले. "अभिलेखावर नाही, हे त्यांनी सहीनिशी दिलंय. जपून ठेव."

त्याच दरम्यान, 28 जुलैला, राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापराबद्दल सूचना काढल्या. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, शासकीय योजनांची माहिती प्राधिकृत व्यक्तीनेच द्यावी, बदली झाल्यावर कार्यालयीन खातं रीतसर सोपवा, शासनाच्या धोरणांवर टीका करू नका, असं त्यात आहे. पाळलं नाही तर शिस्तभंगाची कारवाई. त्या सूचनांचा सगळा भर कर्मचाऱ्यांनी काय लिहायचं नाही यावर आहे, नागरिकांच्या प्रतिक्रियांचं काय करायचं हा वेगळा विषय. पण स्थानिक स्वराज्य संस्था आणि कंत्राटी कर्मचारीही त्यात धरलेले आहेत, आणि कार्यालयीन खातं ही सोपवून घ्यायची सरकारी गोष्ट आहे हे त्यातून सरळ दिसतं. तीही प्रत फायलीत गेली.

4 ऑगस्टला प्रथम अपील केलं. जोडपत्र 'ब', 20 रुपयांचा स्टॅम्प, उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत. कारणांत मी तीनच गोष्टी लिहिल्या. महापालिकेच्या नावाने, महापालिकेच्या पैशातून चालणाऱ्या खात्याचे आदेश महापालिकेच्याच ताब्यात असणार. सार्वजनिक पैशातून दिलेला कार्यादेश निव्वळ त्रयस्थ पक्ष म्हणून झाकता येत नाही, कलम 11 प्रमाणे त्या पक्षाला नोटीस काढून निर्णय घ्यावा लागतो. आणि कागदपत्रं प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी द्यावी.

सुनावणी 11 सप्टेंबरला होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. भीती वाटत होती, पण खोली साधीच, टेबलापलीकडे उपायुक्त, बाजूला जन माहिती अधिकारी. त्यांचा मुद्दा असा की यांना आमच्या पोस्ट दिसतात, मग नुकसान काय? हा मुद्दा येणार हे मला माहीत होतं, कारण 2024 च्या अखेरीला एक्सने नियम बदलला आणि आता ब्लॉक केलेल्या माणसालाही सार्वजनिक पोस्ट वाचता येतात. मी सांगितलं, "साहेब, दिसतं, पण उत्तर देता येत नाही, संदेश पाठवता येत नाही, तक्रार पोचत नाही. तक्रारी या खात्यावर करा असं महापालिकेनेच जाहीर केलंय." आणि त्या जाहीर पोस्टची छापील प्रत पुढे केली. साहेबांनी ती वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "ब्लॉक करायला मंजुरी कुणाची लागते आपल्याकडे?" कुणीच उत्तर दिलं नाही. माझ्या दृष्टीने सुनावणी तिथेच संपली.

आदेश 17 सप्टेंबरचा. उपलब्ध अभिलेख पाहू द्यावेत, मागितलेल्या प्रती शुल्क घेऊन द्याव्यात, आणि जे नाही त्याबद्दल तसं स्पष्ट लिहून द्यावं. दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरमध्ये, फाइल पाहायला गेले. पहिला तास शुल्क नसतं, प्रती दोन रुपये पान.

निळ्या लेसने बांधलेली फाइल होती. वर कार्यादेश, खाली एजन्सीची मासिक देयकं, आणि प्रत्येक देयकाला जोडलेला अहवाल. अहवालात तक्ता होता: पोस्टची संख्या, नवे फॉलोअर, उत्तर दिलेल्या तक्रारी, आणि शेवटचा रकाना "हाताळलेल्या नकारात्मक प्रतिक्रिया". त्या रकान्यात नुसता आकडा. हाताळल्या म्हणजे उत्तर दिलं, काढून टाकल्या की माणसालाच ब्लॉक केलं, याचा पत्ता नाही. हाच अहवाल पाहून बिल मंजूर व्हायचं. मी ते पान बराच वेळ धरून बसले. इतके महिने मला वाटत होतं की कुणीतरी अधिकारी माझ्यावर चिडलाय. प्रत्यक्षात कुणालाच माझं नाव माहीत नव्हतं. आकडा वाढला की काम झालं, अशी रचना केली की जिवंत तक्रारही नकारात्मक प्रतिक्रियेच्या रकान्यात जाऊन पडते. ब्लॉक करण्याच्या टिपणीचं एकही पान फायलीत नव्हतं, आणि तसं मला लिहून मिळालं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रतिक्रिया कधीच काढू नयेत असं माझं म्हणणं नाही. आमच्या महापालिकेच्या पोस्टखाली महिला कर्मचाऱ्यांबद्दल काय काय लिहिलेलं असतं ते मी वाचलंय. अत्याचार झालेल्या बालकाची ओळख कुणी उघड केली तर पॉक्सो कायद्याच्या कलम 23 प्रमाणे तो गुन्हा आहे, असा मजकूर कार्यालयाने लगेच काढलाच पाहिजे. पण मजकूर काढणं वेगळं आणि माणसाला कायमचं बंद करणं वेगळं. दोन्हींना लेखी नियम हवा आणि निर्णयाखाली जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम हवं.

लगेच आयुक्तांच्या नावे निवेदन दिलं. त्यात माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(1)(ड) चा आधार घेतला. प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला देणं हे त्या कलमाखाली कार्यालयाचं कर्तव्य आहे. अर्जात 'का' विचारता येत नाही, पण निर्णयाचा फटका बसलेल्या माणसाला कारण मागायचा हक्क इथे आहे. सोबत "टिपणी उपलब्ध नाही" हे त्यांचंच पत्र जोडलं.

ऑक्टोबर संपता संपता एका रात्री पाहिलं तर ब्लॉक निघालेला होता. कळवलं कुणीच नव्हतं. मला लेखी हवं होतं, म्हणून पाठपुरावा चालू ठेवला. 13 नोव्हेंबरचं पत्र आलं: ब्लॉक हटवला आहे, यापुढे जनसंपर्क अधिकाऱ्यांच्या लेखी मंजुरीशिवाय कुणाला ब्लॉक करू नये असं एजन्सीला कळवलं आहे, आणि प्रतिक्रियांबाबतचे नियम खात्यावर प्रसिद्ध करण्यात येतील. ते पत्र मी उभ्या उभ्याच वाचलं आणि आधी काकांना नेऊन दाखवलं.

नियम डिसेंबरच्या सुरुवातीला लागले, आचारसंहितेच्या थोडं आधी. बरेचसे चांगले आहेत. एका कलमात मात्र "महापालिकेची प्रतिमा मलिन करणारा मजकूर" काढला जाईल असं आहे. हे फारच मोघम आहे, गाळाचा फोटोसुद्धा त्यात बसेल. ते वगळावं अशी सूचना मी पाठवली आहे, आता निवडून आलेल्या नगरसेवकांनाही दिली आहे.

खर्चाचं सांगायचं तर स्टॅम्प, झेरॉक्स, प्रती, रजिस्टर पोस्ट मिळून पाचशे रुपयांच्या आत झालं. रजा गेल्या त्या वेगळ्या. प्रथम अपिलातही काही मिळालं नाही तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या खंडपीठाकडे दुसरं अपील करता येतं, जोडपत्र 'क' आणि 20 रुपये. दंड करायचा अधिकार फक्त आयोगाला आहे: दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000 रुपये. आणखी एक. नोव्हेंबर 2025 पासून वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद जास्त व्यापक झाली आहे, म्हणून कर्मचाऱ्यांची नावं मागू नका, पदनाम मागा.

अर्जाचा मजकूर खाली देते. खात्याचं नाव आणि तारखा बदलून खुशाल वापरा.

"विषय: कार्यालयाच्या अधिकृत एक्स खात्याचे व्यवस्थापन. कालावधी: 1 एप्रिल 2024 ते अर्जाचा दिनांक. (1) सदर खाते चालविण्यासाठी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचे पदनाम व त्याबाबतच्या आदेशाची प्रत. (2) नागरिकांच्या प्रतिक्रिया काढून टाकणे व खाती ब्लॉक करणे याबाबतचे धोरण, परिपत्रक किंवा कार्यालयीन टिपणी यांची प्रत. (3) माझे खाते ब्लॉक करण्याबाबतच्या टिपणीची व मंजुरीची प्रत. (4) अर्जाच्या दिनांकास ब्लॉक केलेल्या खात्यांच्या नोंदीची प्रत. (5) बाह्य संस्थेस काम दिले असल्यास कार्यादेश व मासिक अहवाल यांच्या प्रती. (6) सदर अभिलेखांचे प्रत्यक्ष अवलोकन करू द्यावे. माहिती उपलब्ध नसल्यास मुद्दानिहाय तसे लेखी कळवावे."